खेळातून डिस्लेक्सियाची ओळख

डिस्लेक्सिया ही वाचनाची अडचण आहे. तिचा बुद्धीच्या उणिवेशी संबंध नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. अंकगणितात त्याला अडचण नव्हती, पण साधे शब्द वाचताना तो अडखळे. सारे शिक्षण तोंडी असते, तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते.

हा अनुभव इतरांना देणारा खेळ कसा रचावा? अक्षरे नाचवावीत किंवा पुसट करावीत, ही कल्पना पुष्कळांना प्रथम सुचते. ती दिशाभूल करणारी आहे. बहुतेकांची मूळ अडचण शब्दांतील ध्वनी वेगळे ओळखणे आणि ते अक्षरांशी चटकन जोडणे यांत असते. दृष्टी चांगली असूनही ती राहते. तेव्हा खेळात अक्षर व उच्चार यांचे नातेच बिघडवले पाहिजे.

यासाठी खडू-फळा पुरेसा आहे. ‘क’ व ‘म’, ‘त’ व ‘ल’, ‘न’ व ‘र’ या जोड्यांच्या उच्चारांची अदलाबदल करावी. काना-मात्रा जागच्या जागी ठेवाव्यात. आता हे वाक्य मोठ्याने वाचा : ‘लतावाल कगन आती’. उत्तर आहे : ‘तलावात मगर आली’. अशा आठ-दहा ओळींचा उतारा खेळाडूला द्यावा, दोन मिनिटांची मुदत ठेवावी आणि लगेच आशयावर पाच प्रश्न विचारावेत. अक्षरे सोडवण्यातच सारे लक्ष खर्ची पडते व अर्थ निसटतो, हे त्याच्या ध्यानी येईल.

येथेच थांबलो, तर केवळ कीव उरेल. म्हणून दुसरा डाव हवा. तितकाच सोपा वा अवघड असा दुसरा उतारा त्याच खेळाडूला वाचून दाखवावा आणि पाचच प्रश्न विचारावेत. या वेळी उत्तरे सहज येतील. खेळाडू तोच, बुद्धी तीच; बदलली फक्त ज्ञानाकडे जाण्याची वाट.

खेळाला मर्यादाही आहे. खेळाडू अर्ध्या तासात मोकळा होतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला मात्र हा डाव सोडता येत नाही. वर्षानुवर्षे ‘आळशी’, ‘ढ’ ही विशेषणे ऐकावी लागतात ती वेगळीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे. परीक्षेतील जादा वेळ किंवा लेखनिक ही ज्यांना मेहेरबानी वाटते, त्यांनी दोन्ही डावांचे आपले गुण शेजारी ठेवून पाहावेत.