कै. रेव्ह. नारायण वामन टिळक : मंडळीच्या मुखी गीत देणारा कवी

वाचावयाचे शास्त्रभाग : स्तोत्र ९६, प्रेषितांची कृत्ये १६:१९–३४, १ करिंथ १४:१५, कलस्सै ३:१६.

ज्यांस अक्षरओळख नाही, किंवा अक्षरओळख असूनही दिवसभराच्या कष्टाने ज्यांचे डोळे पुस्तकावर ठरत नाहीत, त्यांच्या ठायी देवाचे वचन वस्तीस कसे राहावे? हा प्रश्न प्रत्येक उपदेशकास पडतो. रविवारचा उपदेश सोमवारी दुपारपर्यंत निम्मा विसरला जातो. परंतु गीत विसरले जात नाही. ते बांधावर, मोटेवर, जात्यावर, पाळण्यापाशी आपोआप ओठी येते. पौल व सीला ह्यांस फिलिप्पैच्या बंदिशाळेत मध्यरात्री पुस्तक उघडावयास ना दिवा होता ना मोकळे पाय. तरी त्यांच्यापाशी गीत होते, आणि ते इतर बंदिवानांनी ऐकले. कलस्सैकरांस लिहिताना प्रेषिताने गीत हे केवळ आनंदाचे साधन मानिले नाही, तर परस्परांस शिकविण्याचे व बोध करण्याचे साधन मानिले. म्हणून गीत रचणारा हाही मंडळीचा शिक्षकच होय. आमच्या महाराष्ट्रीय मंडळीस असा एक थोर शिक्षक लाभला. त्याचे चरित्र व कार्य ह्यांचा विचार आपण ह्या पाठात करू.

१. जन्म व शिक्षण

नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांची आई भाविक व काव्याची आवड असलेली होती. परंतु ते लहान असतानाच ती निवर्तली. पुढे ते नाशकास आले व तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेत ते थोडाच काळ बसले. १८८० साली त्यांचे लग्न झाले. त्यांच्या पत्नी म्हणजेच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहून कीर्तीस चढलेल्या लक्ष्मीबाई टिळक.

टिळक एका जागी फार दिवस राहणारे नव्हते. कोठे शाळा शिकवावी, कोठे कथापुराण सांगावे, कोठे व्याख्यान द्यावे, असा त्यांचा संसार चालला होता. ह्या भटकंतीत त्यांस एक गोष्ट मिळाली, ती पुढे मंडळीच्या फार उपयोगी पडली. साध्या माणसांचा समुदाय कोणत्या शब्दाने हलतो, कोणत्या चालीवर डोलतो आणि कोठे त्याचे लक्ष सुटते, हे त्यांस कळले.

२. सत्याचा शोध

आपल्या देशाचे हित कोणत्या धर्माने होईल, जातिभेदाचे बंधन कसे तुटेल, ह्या विचाराने टिळकांचे मन अस्वस्थ असे. १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगावास जात असता आगगाडीत त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. त्या गृहस्थाने त्यांस नव्या कराराची प्रत दिली, आणि टिळकांनी ती वाचण्याचे वचन दिले. पुस्तक विशेष आवडले नाही, तरी दिलेले वचन मोडावयाचे नाही म्हणून ते वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनाशी आले मात्र, तेथून त्यांचे मन हलेना. जे प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे उराशी बाळगिले होते त्यांची उत्तरे त्यांस तेथे दिसू लागली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि जे पूर्वी प्रिय होते ते सर्व त्यांनी फेकून दिले नाही. तुकारामाच्या वाणीरूपी पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते सांगत. पूल ओलांडून पैलतीरास पोहोचलेला मनुष्य पुलाची निंदा करीत नाही.

३. गीताची किंमत

ह्या निश्चयाची किंमत लहान नव्हती. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन आपल्या नातलगांकडे राहिल्या, आणि नवराबायकोंची सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली. नवरा जिवंत असून घर मोडले, ह्या दुःखाने त्या बाईंची काय दशा झाली, हे त्यांनी स्वतःच पुढे निर्भीडपणे लिहिले आहे. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. पत्रे लिहिली, भेटी घेतल्या, वाट पाहिली. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, तरी प्रारंभी सोवळेओवळे त्यांनी सोडले नव्हते. हळूहळू त्यांच्या मनातील भिंत पडली, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या खुशीने बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या घरात अनाथ व गरीब मुले कोणत्या जातीची हे न विचारता वाढली.

टिळकांच्या गीतांत समर्पण, विरह, धीर हे शब्द वारंवार येतात. ते शब्द कोशातून काढलेले नव्हेत. ज्याने घर, जात व मान ही सर्व पणास लाविली, त्याच्या मुखातले ते शब्द होत.

४. आपल्या चालीवर

टिळकांच्या पूर्वी मराठी मंडळीस गीते नव्हती असे नाही. मिशनरी साहेबांनी व त्यांच्या सोबत्यांनी इंग्रजी गीतांची भाषांतरे केली होती. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) कृष्णराव सांगळे ह्यांनी देशी चालींवर पदे रचून व ख्रिस्ती कीर्तने करून वाटही पाडिली होती. त्याहून फार पूर्वी, १६१६ साली, गोमंतकात फादर स्टीफन्स ह्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले होते. तरी खेड्यातील उपासनेत एक अडचण राहिलीच होती. इंग्रजी चालीत ठोका ठराविक जागी पडतो. मराठी शब्द त्या ठोक्याखाली बसविताना ऱ्हस्व अक्षर ओढावे लागते, दीर्घ अक्षर आखडावे लागते, आणि शब्द मध्येच तुटतो. ज्या बाईने तो शब्द कधी छापील पाहिलेला नाही, तिला त्या तुटक्या अक्षरांतून अर्थ कसा सापडावा?

टिळकांनी अभंग, ओवी, पद, श्लोक ही आपल्या लोकांची पात्रे घेतली व त्यांत ख्रिस्ताची भक्ती भरली. अभंगाची रचना पाहा. मोठ्या अभंगाच्या एका चौकात चार चरण असतात. पहिल्या तिहींत सहा सहा अक्षरे व चौथ्यात चार. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. लहान अभंगात साधारणतः आठ आठ अक्षरांचे दोन चरण असतात व त्यांच्या शेवटी यमक येते. चरण असा आखूड, की एका श्वासात म्हणता यावा. यमक असे जवळ, की एक शब्द आठवला म्हणजे दुसरा मागोमाग यावा. एकाने म्हणावे, बाकीच्यांनी मागे धरावे. टाळ असले तर बरे, नसले तर हाताची टाळी पुरे. ज्यांच्यापाशी पुस्तक नव्हते त्यांच्याचकरिता हे छंद जणू घडले होते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. टिळक हे संस्कृताचे पंडित होते. मनात आणिते तर विद्वानांनी माना डोलवाव्या अशी जड भाषा त्यांस सहज लिहिता आली असती. पण अहमदनगर व राहुरी ह्या बाजूस ज्या मंडळ्यांत त्यांनी काम केले, त्यांतील बहुतेक लोक गावकुसाबाहेरील वस्त्यांतून आलेले होते. पिढ्यानपिढ्या ज्यांस देवळाच्या पायरीशीही उभे राहू दिले नव्हते, त्यांच्या ओठी बसेल अशी सोपी वाणी ह्या पंडिताने पत्करली. ब्राह्मणकुळात जन्मलेल्याने रचावे, महार-मांगांच्या मुलांनी म्हणावे, आणि दोघांनी एका मेजाशी बसून एकाच प्रभूची भाकर मोडावी, हे त्या काळी गीतापेक्षाही मोठे गीत होते.

५. ‘माउली’ ह्या शब्दाविषयी

काही बांधवांस असे भय वाटते की, टाळ, भजन व अभंग ही जुन्या धर्माची चिन्हे आहेत. विशेषतः टिळक आपल्या अभंगांत ख्रिस्तास गुरू व माउली म्हणतात, हे कित्येकांस खटकते. उपदेशकांनी अशा बांधवांस झिडकारू नये. त्यांचे भय प्रामाणिक असते. त्यांच्यापुढे यशया ६६:१३ हे वचन उघडावे. तेथे देव आपल्या सांत्वनास आईच्या सांत्वनाची उपमा देतो. मग मत्तय २३:३७ वाचावे. तेथे आपला प्रभू स्वतःस पिले पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीसारखा म्हणवितो. टिळकांनी शास्त्राबाहेरचे काही सांगितले नाही. शास्त्रातील गोष्ट सांगण्यास महाराष्ट्राच्या अंतःकरणातील सर्वांत मऊ शब्द मात्र त्यांनी निवडिला. टाळ हे पितळेचे असते. ते कोणाचे नाव गाते ह्यावर त्याचा धर्म ठरतो.

६. अखेरची वर्षे

१९०४ साली टिळकांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. अहमदनगरच्या धर्मशिक्षणशाळेत त्यांनी उपदेशकांस शिकविले, आणि आयुष्याच्या उत्तरकाळी ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन केले. फुले, मुले व स्वदेश ह्यांवरील त्यांच्या कविता सर्व महाराष्ट्राने आपल्या मानिल्या. १९०९ साली त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य आरंभिले; पण आरंभीचे काही अध्यायच त्यांच्या हातून झाले. उरलेला मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. जी स्त्री एकेकाळी ह्याच नावाकरिता पतीपासून दुरावली होती, तिनेच त्याचे अपुरे राहिलेले काव्य पुढे नेले!

१९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडिले व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन करण्याचे काम आरंभिले. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, परंतु ख्रिस्तावर प्रीती करणारे, असे सर्व तेथे बंधुभावाने एकत्र यावे, अशी त्यांची इच्छा होती. त्या योजनेविषयी सर्वांचे एकमत नव्हते, आणि टिळकांस ती पुरी करण्यास वेळही मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस ते प्रभूच्या ठायी निजले. पुढे त्यांचे अभंग ‘अभंगांजली’ ह्या नावाने प्रसिद्ध झाले. निकल मॅक्निकल ह्यांनी त्यांची काही गीते इंग्रजीत नेली, आणि विन्स्लो ह्यांनी १९२३ साली त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. ज्या भाषेतून आम्ही पूर्वी गीते उसनी घेत होतो, त्या भाषेच्या मंडळीने आमच्या कवीचे गीत आपल्या मुखी घेतले, हे परमेश्वराच्या कृपेने घडले.

७. आम्ही काय करावे?

ठेव मिळाली, पण ती वापरली नाही, तर गंजते. टिळकांची गीते आजही मराठी मंडळ्यांत गाइली जातात. परंतु गाणे निराळे आणि समजून गाणे निराळे. प्रेषित आत्म्याने व बुद्धीनेही गावयास सांगतो. गीत पेटीच्या सुरात वाहून गेले आणि अर्थ दाराबाहेर राहिला, तर भाषांतरांच्या काळी जी अडचण होती तीच निराळ्या रूपाने परत आली असे होईल.

म्हणून उपदेशक बंधूंस व शब्बाथशाळेच्या शिक्षकांस आमची सूचना आहे. महिन्यास एकच गीत घ्या. पहिल्या रविवारी ते चालीशिवाय, बोलल्याप्रमाणे, म्हणून दाखवा व प्रत्येक कठीण शब्दाचा अर्थ मंडळीसच विचारा. दुसऱ्या रविवारी त्या गीताशी जुळणारे शास्त्रवचन शोधून वाचा. तिसऱ्या रविवारी पुस्तके मिटून गा. चौथ्या रविवारी एखाद्या वृद्ध बाईस किंवा लहान मुलास पुढे बोलावून विचारा की, हे गीत तुझ्या कोणत्या दुःखात किंवा आनंदात उपयोगी पडले. असे वर्षभर केल्यास बारा गीते मंडळीच्या रक्तात उतरतील. मग दुष्काळ येवो, आजार येवो, मध्यरात्र येवो, पुस्तक नसले तरी बंदिशाळेतील त्या दोघांप्रमाणे आपल्यापाशी गीत असेल.

विचार करण्यास प्रश्न

(१) पौल व सीला ह्यांचे गीत कोणी ऐकले, आणि पुढे काय घडले?
(२) अभंगाचा छंद अक्षरओळख नसलेल्यांस सोपा का जातो?
(३) लक्ष्मीबाईंची वाट पाहताना टिळकांनी कोणता मार्ग धरिला? आपल्या घरातील विश्वास न धरणाऱ्यांशी आपण कसे वागतो?
(४) आपल्या मंडळीस कोणते गीत पाठ आहे, पण त्याचा अर्थ ठाऊक नाही? पुढील महिन्यास तेच घ्यावे.