तबला सोडावा काय ? : कांहीं परदेशी तबकड्यांचा परिचय



गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुटींत नववींतील एक मुलगा माझ्याकडे आला. तो चार वर्षें तबला शिकत आहे व शिमग्यांत आपल्या गांवच्या पालखीपुढें ढोलहि वाजवितो. मान खालीं घालून तो म्हणाला, "सर, तबला सोडून ड्रम शिकूं का ? बाबा नको म्हणतात." पुढच्याच आठवड्यांत त्याचे वडील भेटले. ते म्हणाले, "सर, तुम्हींच त्याला समजावून सांगा. दिवसभर कानांत तीं बोंडें घालून इंग्रजी धांगडधिंगा ऐकत असतो." दोघांपैकीं कोणासहि मीं तत्काळ उत्तर दिलें नाहीं. मुलाच्या वहींत सात तबकड्यांचीं नांवें तेवढीं लिहून दिलीं, आणि पहिल्या दोन तरी आपण त्याच्याजवळ बसून ऐकाव्या, अशी वडिलांना विनंति केली. तीच यादी थोड्या विवेचनासह येथें देत आहें. तिचा आरंभ अमेरिकेंतील कापसाच्या शेतांत आहे आणि शेवट आपल्या जवळच, बेळगांवच्या एका घराण्यांत आहे.

प्रथम 'तबकडी' म्हणजे काय तें सांगतों. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें कसेंबसें मावे. १९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी मोठी तबकडी काढली. तिच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटें संगीत राहूं लागलें. अशा एका तबकडीवर मुद्दाम एकत्र आणलेल्या रचनांस तिकडे 'अल्बम' म्हणतात. आजकाल तबकडी घरीं नसली तरी तिच्यावरील सारें संगीत मोबाईलवर मिळतें. परंतु तेथें अर्धें मिनिट हें आणि अर्धें मिनिट तें, अशी कान उष्टे करण्याची संवय लागते. या सातांपैकीं प्रत्येक तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी, ही माझी एकच अट आहे.

पहिली तबकडी बी. बी. किंग यांची 'लाइव्ह ॲट द रीगल'. ती शिकागो शहरांतील रीगल नाट्यगृहांत २१ नोव्हेंबर १९६४ रोजीं श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाली व १९६५ सालीं बाहेर आली. हें संगीत 'ब्लूज' या जातीचें आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत काळ्या लोकांची गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें संपली. शेतांतले कष्ट आणि अपमान मात्र संपले नाहींत. त्या कष्टांतून हें गाणें निघालें. त्याची बांधणी अगदीं साधी असते. एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हां म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळींत तिचा निकाल लावावयाचा. प्रत्येक ओळीस चार खंड, असे बारा खंड. खंडास चार मात्रा. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचें आवर्तन झालें. गाणाऱ्याची ओळ आपल्या चार खंडांपैकीं निम्म्यांतच संपते आणि उरलेली जागा वाद्यानें भरून काढावयाची असते. गंधार ना धड कोमल, ना धड शुद्ध, असा मधेंच कोठें तरी लागतो. त्या एका स्वरांतच त्या लोकांची सारी व्यथा सांठली आहे, असें मला वाटतें. ज्यांनीं आजीच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ऐकल्या आहेत, त्यांना हें गाणें परकें वाटणार नाहीं. 

दुसरी तबकडी 'काइंड ऑफ ब्लू'. ट्रंपेट वाजविणारे माइल्स डेव्हिस यांनीं ती १९५९ सालीं न्यूयॉर्क येथें अवघ्या दोन दिवसांच्या बैठकींत ध्वनिमुद्रित केली. ही जॅझची तबकडी आहे. आपल्या शाळेंत प्रार्थनेच्या वेळीं ऑर्गनवर एकदम तीन-चार पट्ट्या दाबल्या जातात, तें तुम्हीं पाहिलेंच आहे. त्या स्वरपुंजास 'कॉर्ड' म्हणतात. त्या काळच्या जॅझमध्यें हे पुंज इतक्या झपाट्यानें बदलत कीं, वादकाचा बहुतेक जीव त्यांच्यामागें धांवण्यांतच जाई. डेव्हिस यांनीं ही धांवाधांव थांबविली. पहिल्या रचनेंत सोळा खंड एकच सप्तक ठेवलें आहे. मग आठ खंड तेंच सप्तक अर्ध्या स्वरानें वर नेलें आहे. आणि पुन्हां आठ खंड मूळ जागीं आणलें आहे. आतां गंमत पाहा. हें मूळ सप्तक म्हणजे कोमल गंधार व कोमल निषाद असलेला आपला काफी थाट ! याचा अर्थ डेव्हिस काफी राग वाजवितात असा मुळींच नाहीं. रागाचे नियम तेथें नाहींत. परंतु एका सप्तकांत स्वस्थ राहून विस्तार करावयाचा, ही कल्पना आपल्या कानांस ओळखीची आहे. पेटीवर काफी थाटाचे स्वर धरून ही रचना ऐकावी. जॉन कोलट्रेन यांचा सॅक्सोफोन सुरू झाला कीं पेटी बंद करावी आणि नुसतें ऐकावें.

तिसरी तबकडी रॉक संगीताची. पालकांना 'धांगडधिंगा' वाटतो तो हाच. ऑलमन ब्रदर्स बँड या मंडळीची 'ॲट फिल्मोर ईस्ट' ही जोड-तबकडी मार्च १९७१ मध्यें न्यूयॉर्कच्या रंगमंचावर ध्वनिमुद्रित झाली. आवाज मोठा आहे, हें कबूल. परंतु ड्रम शिकूं इच्छिणाऱ्यास ती मीं मुद्दाम सांगितली. कारण या मंडळींत दोन ड्रमवादक आहेत आणि दोघेहि एकमेकांस वाट देऊन वाजवितात. शेवटची रचना तेवीस मिनिटांची आहे. तिचा आरंभ अकरा मात्रांचा आहे. तीन, तीन, तीन, दोन अशी टाळी देत मोजून पाहा. पहिल्या चार-पांच वेळां चुकाल. माझे स्वतःचे एक आठवडा चुकत होतें. या मंडळीचे मुख्य गिटारवादक ड्युएन ऑलमन तबकडी निघाल्यापासून चार महिन्यांच्या आंत मोटारसायकलच्या अपघातांत वारले. त्यांचें वय तेव्हां २४ होतें.

या रॉकच्या विजेच्या गिटारचा आणि जॅझच्या विस्ताराचा मेळ घालण्याची खटपट १९६९ च्या सुमारास सुरू झाली. तिलाच पुढें 'जॅझ-रॉक' किंवा 'फ्यूजन' हें नांव पडलें. या मार्गावरील 'इन अ सायलेंट वे' ही माइल्स डेव्हिस यांची १९६९ सालची तबकडी माझ्या यादींत चौथी आहे. ती शांत आहे. रात्रीं, पाऊस पडत असतां ऐकण्यासारखी आहे. तींत जॉन मॅक्लॉक्लिन नांवाचा एक इंग्रज गिटारवादक प्रथमच डेव्हिस यांच्या संगतीस बसला. डेव्हिस यांची त्यानंतरची, १९७० सालची जोड-तबकडी अधिक प्रसिद्ध आहे. तिचें नांव शाळेच्या अंकांत छापण्याजोगें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर ती मला अजूनहि आवडलेली नाहीं. जाणते लोक तिची फार स्तुति करतात. दोष कदाचित् माझ्याच कानाचा असेल.

मॅक्लॉक्लिन यांनीं १९७१ सालीं स्वतःची 'महाविष्णु ऑर्केस्ट्रा' ही मंडळी काढून 'द इनर माउंटिंग फ्लेम' ही तबकडी केली. ती यादींत पांचवी. अतिद्रुत लय, विषम मात्रांचे ताल आणि कानठळ्या बसविणारा आवाज ! ती एकदां ऐकावी, आणि मग सहाव्या तबकडीकडे वळावें. कारण त्याच गृहस्थानें चार वर्षांनीं विजेचीं सारीं यंत्रें बाजूस सारून काय केलें, हें पाहण्यासारखें आहे.

परंतु त्याआधीं आपल्या किनाऱ्याची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. जॅझ हें मुंबईस कांहीं काल-परवां आलेलें नाहीं. गोव्यांत गांवोगांवच्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. तीं मुलें मोठीं होऊन मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत व पुढें सिनेमाच्या वाद्यवृंदांत शिरलीं. हळदोण्याचे अँटोनियो झेव्हियर वाझ हे 'चिक चॉकोलेट' या नांवानें ताजमहाल हॉटेलांत ट्रंपेट वाजवीत. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या संगीतास त्यांचें साहाय्य होतें. १९५१ सालच्या 'अलबेला' या बोलपटांत तर त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरच दिसतो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजांत रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. १९६८ सालीं शंकर-जयकिशन यांनीं 'रागा जॅझ स्टाइल' ही अकरा रागांची तबकडी काढली. सतारीवर रईस खां, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो. ती ऐकावयास गोड आहे. तरीहि मीं ती यादींत घातली नाहीं. दोन वाटसरू एकाच रस्त्यानें चालले आहेत, पण दोघेहि आपापल्याशींच बोलत आहेत, असें ती ऐकतांना वाटतें.

आतां सहावी तबकडी. तिचें नांव 'शक्ति'. आपल्या जिल्ह्यांत रात्र-रात्र रंगणाऱ्या शक्ति-तुऱ्याच्या सामन्यांशीं या नांवाचा कांहीं संबंध नाहीं. पण सवाल-जबाबाचा रंग मात्र तोच आहे. ५ जुलै १९७५ रोजीं अमेरिकेंतील एका कॉलेजांत ही मैफल झाली व १९७६ सालीं तिची तबकडी निघाली. मॅक्लॉक्लिन यांच्या हातांत लांकडी गिटार. तिला तरफेच्या तारा आडव्या बसविलेल्या. एल्. शंकर यांचें व्हायोलिन, विनायकराम यांचा घटम्, राघवन् यांचा मृदंगम्, आणि तबल्यावर २४ वर्षांचे झाकीर हुसेन. झाकीर हुसेन यांचा जन्म मुंबईचा, १९५१ सालचा. आपल्यासारख्याच एका मिशनरी शाळेंत, माहीमच्या सेंट मायकेल हायस्कुलांत, ते शिकले. वडील अल्लारखा यांच्याजवळ त्यांनीं तबल्याची कठोर तालीम घेतली. १५ डिसेंबर २०२४ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें ते निवर्तले. त्याच वर्षीं फेब्रुवारींत त्यांना एकाच रात्रीं तीन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं होतीं, हें तुमच्यापैकीं पुष्कळांनीं वाचलें असेल.

या तबकडीची पहिली रचना अठरा मिनिटांची आहे. ती ऐकतांना एक गोष्ट ध्यानांत धरा. दक्षिणेचा मृदंगम् व घटम् आणि उत्तरेचा तबला यांची एकत्र बैठकहि त्या वेळीं नवीच होती. मग गिटारची गोष्ट दूरच. तरीहि कोणी कोणासाठीं आपली भाषा मोडली नाहीं. तबल्याचे बोल तबल्याचेच राहिले. दुसऱ्याचें बोलणें पुरतें ऐकावयाचें आणि मग आपल्या भाषेंत उत्तर द्यावयाचें, एवढेंच प्रत्येकानें केलें. 'रागा जॅझ स्टाइल'मध्यें मला जें आढळलें नाहीं, तें हेंच.

सातवी तबकडी 'उसफ्रेत', १९८८ सालची. ती त्रिलोक गुर्टू यांची आहे, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर हिच्यांत आहे. गोव्याकडील मेनकाबाई शिरोडकर या नर्तकी. गाण्यांत त्या अल्लादिया खांसाहेबांच्या शिष्या होत्या. त्यांची कन्या भानुमति १९२५ सालीं बेळगांवांत जन्मली. तिचें लग्न बेळगांवच्या विश्वनाथ गुर्टू यांच्याशीं झालें. सासरे पोलिसखात्यांतले अधिकारी असून सतार वाजवीत. हीच भानुमति पुढें ठुमरी-दादऱ्याची थोर गायिका शोभा गुर्टू म्हणून गाजली. २००२ सालीं तिला पद्मभूषण मिळालें आणि २००४ सालीं ती वारली. (बी. बी. किंग यांचाहि जन्म १९२५ सालचाच. एक मिसिसिपीचा, एक बेळगांवची !) त्रिलोक हे तिचे पुत्र, जन्म मुंबई, १९५१.

त्रिलोक लहानपणीं तबला शिकले. पुढें जिमी हेंड्रिक्ससारख्यांच्या तबकड्या ऐकून त्यांना ड्रमची ओढ लागली. ध्वनिमुद्रण करतांना एकावर एक असे अनेक थर चढवितां येतात, हें त्यांना त्या वेळीं ठाऊकच नव्हतें. तबकडींत जें जें ऐकूं येतें तें सारें एकाच वेळीं वाजतें अशी त्यांची समजूत. म्हणून ते एकट्यानेंच तें सारें वाजविण्याची खटपट करीत. ही गोष्ट त्यांनीं स्वतःच सांगितली आहे. अज्ञानाचा असा लाभ विरळाच ! ड्रमवादक स्टुलावर बसतो. त्रिलोक मात्र गुडघा टेंकून जमिनीवरच बसतात. नेहमींचा पायानें ठोकावयाचा मोठा ड्रम त्यांच्या मांडणींत नसतो. शेजारीं तबला असतो, आणि पाण्याची एक बादलीहि असते. नाद करणाऱ्या वस्तु त्या पाण्यांत बुडवून ते आवाजाची मींड काढतात. 'उसफ्रेत'मध्यें ट्रंपेटवर डॉन चेरी, गिटारवर राल्फ टाउनर व व्हायोलिनवर एल्. शंकर आहेत, आणि या सर्वांमधून आईचा आवाज येतो. त्या आवाजांत ठुमरीचा एक कणहि उणा झालेला नाहीं.

महिन्यानें तो मुलगा पुन्हां आला. अकरा मात्रा त्यानें ढोलावर बसविल्या होत्या. सातवी तबकडी तीन वेळां ऐकली होती. तबल्याचा वर्गहि चालूच होता. वडील कोठवर आले, असें मीं विचारलें. "बाबांनीं पहिलीच ऐकली," तो म्हणाला. "पण मला म्हणाले, हा गृहस्थ गात असतांना गिटार वाजवीत नाहीं आणि गिटार वाजवितांना गात नाहीं, हें तुझ्या ध्यानांत आलें का ?" त्याच्या ध्यानांत तें आलें नव्हतें. माझ्याहि, खरें सांगतों, प्रथम आलें नव्हतें.

जातांना त्यानें शाळेच्या बँडमधील मोठा ड्रम रविवारीं जमिनीवर ठेवून वाजवूं मिळेल का, असें विचारलें. मुख्याध्यापकांकडे मीं अर्ज केला आहे. बादली तो घरून आणणार आहे.