शाळेसाठी केलेली बंदूक

(द्वितीय वर्ष कला)

छात्रसेनेच्या कवायतीत आमच्या खांद्यावर असते ती ‘डीपी’, म्हणजे केवळ कवायतीची रायफल. तिच्यातून गोळी सुटत नाही. वजन मात्र खरे. आमच्या घरी रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक आहे, निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा होते. तेव्हा वडिलांचा सवाल असा, की उडत नाही ती बंदूक कसली? इतिहास हा माझा विषय. या सवालाचा माग काढता काढता मी जपानी शाळांपर्यंत पोहोचलो.

१९२५ साली जपान सरकारने माध्यमिक व वरच्या शाळांत लष्करी शिक्षणासाठी सेवेतील अधिकारी नेमले. पुढल्याच वर्षी शाळा सोडून कामाला लागलेल्या मुलांसाठी प्रशिक्षण केंद्रे निघाली. एवढ्या मुलांना रायफली कोठून पुरणार? सैन्याने टाकलेल्या जुन्या रायफली काही शाळांना मिळाल्या. शिवाय खाजगी कारखान्यांनी खास शिकाऊ रायफली बनविल्या. दिसायला त्या सैन्याच्या १९०५ सालच्या अरिसाका रायफलीसारख्या. पण नळीत गोळीला फिरकी देणारे पिळदार चर नाहीत, आणि काडतूस बसते तो भाग बहुधा साध्या ओतीव धातूचा. त्यांत आवाजापुरते, बिनगोळीचे काडतूस घालायचे.

आपल्याला वाटेल, हा खेळच झाला. पण १९४३ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची सैन्यभरतीतील सवलत काढून घेतली गेली. विज्ञान व अभियांत्रिकीच्या मुलांची राहिली. कला, कायदा, वाणिज्य यांची गेली. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी टोकियोत भर पावसात हजारो विद्यार्थी महाविद्यालयाच्या गणवेशात, खांद्यावर रायफली घेऊन, संचलन करीत निरोप घेते झाले. त्याच डिसेंबरात भरतीचे वय विसावरून एकोणीसवर आणले. माझे वय एकोणीस आहे, शाखा कला. हे वाचल्यापासून ‘सावधान’ला उभे राहताना ते पोर मनात येतात.

युद्ध संपल्यावर अमेरिकन सैनिकांनी आठवण म्हणून ज्या रायफली घरी नेल्या, त्यांत याही गेल्या. आज तिकडे त्यांचे हौशी संग्राहक आहेत. सैन्याच्या रायफलीवर शेवंतीचे राजचिन्ह कोरलेले असे; शरणागतीच्या वेळी पुष्कळांवरचे ते घासून टाकले. त्यामुळे नुसते चिन्ह नाही म्हणून रायफल शाळेची ठरत नाही. नळीत डोकवावे लागते. आणि ही पारख निव्वळ हौसेची बाब नव्हे, कारण शिकाऊ रायफलीत खरे काडतूस घालून चाप ओढला तर ती तोंडापाशीच फुटू शकते.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. जुनाट अथवा मोडके शस्त्र दुरुस्त करूनही झाडता येणार नसेल, तरच त्यात सूट मिळते. तेव्हा माझा संग्रह सध्या दोनशे पानी वहीतच आहे. चित्रे मी स्वतः काढली आहेत, दस्ते जरा जाड आले आहेत.