वर्गातली ‘जंगली’

प्रश्न : आम्ही भिलाईत राहतो. लेकीच्या वर्गात बस्तरची, हलबी बोलणारी मुलगी आहे. मुलं तिला ‘जंगली’ म्हणतात, बाई हसण्यावारी नेतात. मी मध्ये पडावं का? – एक आई

उत्तर : ताई, जरूर पडा, पण थेट मुख्याध्यापकांकडे आणि लेखी. शिक्षण हक्क कायद्याचं (२००९) कलम १७ मुलांच्या मानसिक छळाला मनाई करतं, एवढं अर्जात लिहा. स्नेहसंमेलनातही लक्ष असू द्या. आदिवासी नाचात ती पहिल्या रांगेत आणि गणिताच्या तासाला मागच्या बाकावर, असं असेल तर तोही शिक्काच, फक्त टाळ्यांसकट.

लेकीला सांगा, १९५९मध्ये पेटलेली भिलाईची पहिली झोतभट्टी दल्ली-राजहराच्या लोहखनिजावर चालली आणि त्या खाणींत राबणाऱ्यांत आदिवासी मोठ्या संख्येनं होते. २०११च्या जनगणनेनुसार छत्तीसगडची सुमारे ३१ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. बाहेरून आलो ते बहुधा आपणच! शिवाय हलबीत मराठीच्या खुणा भरपूर आहेत. लेकीला काही शब्द ओळखीचे वाटतील.

त्या मुलीला घरी बोलवा. मात्र ‘बस्तरचं काहीतरी सांग’ म्हणून मागे लागू नका. दोघींना खेळू द्या.