पन्हळी : शब्दाचा अर्थ आणि शेतातील उपयोग

'पन्हळ' म्हणजे पाणी वाहून नेणारी उघडी नाली. हा शब्द संस्कृत 'प्रणाल' शब्दापासून आला आहे. ज्या पृष्ठभागावर अशा नाल्या व उंचवटे एकाआड एक आणि समांतर असतात, त्यास 'पन्हळी' म्हणतात. नुसत्या रंगाच्या रेघा असल्यास ती वस्तू 'पट्टेदार' होय. हात फिरविला असता पट्टे बोटांना लागत नाहीत, पन्हळी मात्र लागते.

छपराचा पन्हळी पत्रा सर्वांच्या परिचयाचा आहे. मुंबईत गिरगावातील खोताच्या वाडीत जुन्या घरांवर मंगलोरी कौले दिसतात. त्यांच्या पाठीवरही खाचा असतात. मुंबईसारख्या अतिवृष्टीच्या ठिकाणी छपरावरील पाणी त्वरित निघून जावे लागते. म्हणून पत्र्याची पन्हळ व कौलाची खाच नेहमी उताराच्या दिशेने ठेवतात.

शेतात हाच आकार सरी-वरंब्याच्या रूपाने येतो. खोलगट भाग ती सरी व उंच भाग तो वरंबा. मात्र येथे हेतू उलट असतो. जिरायत शेतात पाणी घालवावयाचे नसून मुरवावयाचे असते. म्हणून सऱ्या उताराला आडव्या काढाव्यात. त्या उताराच्या दिशेने काढल्यास शेताचे छप्पर होते. प्रत्येक सरी पन्हळ बनते आणि जोरदार पावसात वरचा कसदार थर ओढ्यास मिळतो.

भारी काळ्या जमिनीत पाणी साचून पीक पिवळे पडते. अशा जमिनीसाठी हैदराबादजवळ पटनचेरू येथे 1972 साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेने रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित केली. तीत सरीला 100 मीटर लांबीत सुमारे 40 ते 80 सेंटिमीटर इतकाच उतार देतात. त्यामुळे जादा पाणी सावकाश निघून जाते व माती जागीच राहते.

ग्रामसेवकांनी 'आडवी सरी' एवढेच सांगून थांबू नये. कित्येक शेतकरी 'आडवी' म्हणजे बांधाला आडवी असे समजतात. बांध उताराला धरून असेलच असे नाही. म्हणून गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन समपातळीची रेषा प्रथम आखावी व पहिली सरी त्या रेषेवर काढावी. पुढे पाऊस पडताच सरीच्या टोकाशी उभे राहून पाहावे. पाणी गढूळ व वेगाने येत असेल, तर सरीची दिशा चुकली आहे असे समजून पुढील पेरणीपूर्वी ती बदलावी.