अष्टबाहू घरीं पाळावा काय ?

समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या खानदेशांत समुद्रांतील प्राण्यांविषयीं विशेष कुतूहल असावें, हें स्वाभाविकच आहे. जळगांव व धुळें या शहरांतून रंगीत मासे विकणारीं दुकानें आहेत, आणि दिवाणखान्यांत कांचेची टांकी ठेवण्याची हौसही अनेकांस असते. अशा हौशी मनुष्यास पुढें असें वाटूं लागतें कीं, नेहमींच्या माशांपेक्षां कांहीं अपूर्व प्राणी पाळावा. आणि चित्रपटांत पाहिलेला ऑक्टोपस, म्हणजेच अष्टबाहू, त्याच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. हा प्राणी घरीं पाळणें युक्त आहे किंवा नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. कोणताही प्राणी घरीं आणण्यापूर्वीं त्याचा स्वभाव, त्याच्या गरजा व आपलें सामर्थ्य या तीन गोष्टी क्रमानें तपासाव्या, हीच या विचाराची योग्य रीत होय.

प्रथम स्वभाव पाहूं. अष्टबाहू हा मासा नव्हे. पावसाळ्यांत शेताच्या बांधावर दिसणारी गोगलगाय व नदींतील शिंपला ज्या मृदुकाय प्राण्यांत मोडतात, त्यांच्याच कुळांतला हा प्राणी आहे. कोंकणचे कोळी ज्यास माकूल म्हणतात, तो याचा जवळचा आप्त. मात्र माकुलास आठ बाहूंखेरीज दोन लांब स्पर्शिका असतात. अष्टबाहूच्या शरीरांत हाड नाहीं, वर शिंपलाही नाहीं. खरा कठीण भाग म्हणजे पोपटाच्या चोंचीसारखी त्याची चोंच. त्यास हृदयें तीन असतात, आणि रक्तांत लोहाऐवजीं तांबें असल्यामुळें तें निळसर दिसतें. त्याच्या बाहूंवर चूषकांच्या ओळी असतात. त्यांच्या योगें तो वस्तूचा स्पर्शच नव्हे, तर चवही जाणतो. शत्रु दिसतांच तो क्षणार्धांत कातडीचा रंग पालटून खडकाशीं एकरूप होतो. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर शाईसारखा काळा द्रव सोडून त्याच्या आड पळ काढतो.

परंतु या प्राण्याचें खरें वैशिष्ट्य त्याच्या बुद्धींत आहे. सामान्य अष्टबाहूच्या शरीरांत सुमारें ५० कोटी मज्जापेशी असतात, आणि त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश बाहूंमध्यें पसरलेल्या असतात. बरणीचें फिरकीचें झांकण उघडून आंतील खेकडा काढण्यास तो शिकतो. न्यूझीलंडमधील नेपियर येथील राष्ट्रीय मत्स्यालयांत ‘इंकी’ नांवाचा एक अष्टबाहू होता. २०१६ सालीं एका रात्रीं टांकीचें झांकण किंचित् उघडें राहिलें. तो त्यांतून बाहेर पडला, जमिनीवरून सरकत गेला, आणि पाणी वाहून नेणाऱ्या सुमारें ५० मीटर लांबीच्या नळींतून थेट समुद्रांत निघून गेला. ज्या फटींतून त्याची चोंच जाते, तींतून त्याचें सारें शरीर जाऊं शकतें. यावरून घरगुती टांकीचें झांकण किती पक्कें असावें लागेल, याची कल्पना करावी.

आतां त्याच्या गरजा. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. एका अष्टबाहूसाठीं ३०० लिटरांची टांकी ठेवली, असें धरूं. तेवढ्या पाण्यांत साडेदहा किलो क्षार घालावे लागतील. स्वयंपाकघरांतील मीठ येथें उपयोगी नाहीं. कारण समुद्रांत मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादिकांचे क्षारही ठराविक प्रमाणांत असतात. नळाच्या पाण्यांतील क्लोरीनही आधीं काढून टाकावें लागतें. ज्या तांब्यावर या प्राण्याच्या रक्ताचें कार्य चालतें, तेंच तांबें पाण्यांत थोडें अधिक झालें तर त्यास विष होतें. शिवाय हा प्राणी मांसाहारी असून पुष्कळ खातो. त्याच्या मलानें पाणी लवकर दूषित होतें, आणि प्राणवायूची त्यास फार गरज असते.

आपलें सामर्थ्य पाहूं लागलों, म्हणजे खानदेशची हवा आड येते. समुद्राच्या पाण्याचें तापमान दिवसा व रात्रीं फारसें बदलत नाहीं. आपल्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. पाणी जसजसें तापतें, तसतसा त्यांत विरघळणारा प्राणवायु कमी होतो. आणि पाणी उडून गेलें तरी क्षार मागेंच राहत असल्यामुळें खारेपणा रोज वाढत जातो. तो गोड्या पाण्याची भर घालून रोज सारखा करावा लागेल. पाणी थंड ठेवणारें यंत्र अहोरात्र चालवावें लागेल. आणि वीज कांहीं तास गेली, तर यंत्राबरोबर प्राण्याचा श्वासही बंद पडण्याचा धोका आहे. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें, तें मरीन ड्राइव्हवर, समुद्रासमोर. तापी आपलें पाणी समुद्रास नेऊन देते खरी, परंतु समुद्राचें पाणी कांहीं आपल्याकडे आणून देत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, पैसा व परिश्रम यांनीं हें सर्व साधतां येतें, आणि कांहीं जाणकार लोक तें साधतातही. हें खरें आहे. तथापि पुढचा प्रश्न पैशाचा नाहीं. अष्टबाहूच्या बहुतेक जातींचें आयुष्य एक-दोन वर्षांचेंच असतें. मादी अंडीं घातल्यावर अन्न सोडून त्यांची राखण करते, आणि पिलें बाहेर पडण्याच्या सुमारास मरण पावते. अशा अल्पायुषी व जिज्ञासु जीवास, ज्याचा स्वभावच बिळें धुंडाळण्याचा व शिकार करण्याचा, चार कांचांच्या आंत ठेवणें म्हणजे त्याचें उभें आयुष्य आपल्या घटकाभर करमणुकीसाठीं खर्च करणें होय. ज्या बुद्धीमुळें तो आपणांस हवासा वाटतो, तीच बुद्धि त्याच्या बंदिवासाचें दुःख वाढविते. कांहीं जाती तर पाळणाऱ्याच्याही जिवावर उठणाऱ्या आहेत : हिंदी व प्रशांत महासागरांत आढळणाऱ्या, निळीं कडीं असलेल्या इवल्याशा अष्टबाहूच्या दंशावर उतारा नाहीं.

प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा आपल्या देशाचा १९६० चा कायदा मनुष्येतर प्रत्येक जिवंत प्राण्यास लागू आहे. आणि भूतदया हें राज्यघटनेनें नागरिकाचें कर्तव्य म्हणून सांगितलें आहे. ब्रिटननें २०२२ च्या कायद्यानें अष्टबाहू व त्याचे आप्त यांस सुखदुःख जाणणारे प्राणी म्हणून मान्यता दिली. परंतु कायद्याच्याही आधीं, सृष्टीवर मनुष्यास मिळालेला अधिकार विश्वस्ताचा आहे, धन्याचा नव्हे, हें आपण या शाळेंत शिकतों.

तेव्हां निर्णय असा कीं, जळगांव-धुळ्याच्या घरांत अष्टबाहू पाळूं नये. ज्ञानाची हौस मात्र सोडूं नये. सुटींत कोंकणांत अथवा मुंबईस जाणें झालें, तर ओहोटीच्या वेळीं वडीलधाऱ्यांसह खडकाळ किनाऱ्यावरील डबक्यांजवळ शांतपणें बसावें, आंत हात मात्र घालूं नये. दैव अनुकूल असेल, तर एखादा खडक हळूच रंग बदलतांना दिसेल. तोंपर्यंत गिरणा व पांझरा यांच्या कांठचे खेकडे, शिंपले व गोगलगायी आपल्या निरीक्षणाची वाट पाहत आहेत. त्याही अष्टबाहूच्या अभ्यासाच्या पहिल्या पायऱ्याच होत.