मान दुखते, की नस दबते?

मैत्रिणींनो, हंडा, सरपण, चाऱ्याचा भारा, सगळं आपल्या डोक्यावर. मान दुखली की बाम चोळायचा आणि कामाला लागायचं. पण मानेच्या आत काय आहे, ते एकदा समजून घेऊ.

मानेत ७ मणके असतात. वरचे दोन मान वळवायला कामी येतात, त्यांच्यामध्ये गादी नसते. खालच्या मणक्यांमध्ये मऊ गादी असते. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मेंदूचा निरोप हातापायांना तोच पोचवतो.

वय वाढलं की गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते. कडेला हाड वाढतं. पुढून मागे साधारण १७ मिलिमीटरची पोकळी अरुंद होत जाते. ती १० च्या खाली गेली तर मज्जारज्जू दबण्याचा धोका मोठा.

काय जाणवतं?
• हाताला मुंग्या येतात, ब्लाऊजचे हुक लागत नाहीत
• पायातली चप्पल निसटते, चालताना तोल जातो

मान फारशी दुखत नसली तरी हे होऊ शकतं. म्हणून तर ते अंगावर काढलं जातं.

गटाच्या बैठकीत करून पाहा: १० सेकंदांत मूठ किती वेळा पूर्ण उघडते-मिटते? २० पेक्षा कमी भरली तर घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा. तोवर डोक्यावर ओझं नको आणि कुणाकडून मान मोडून घेऊ नका. लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दबलेली नस वेळेत मोकळी झाली, तर पुढचं नुकसान टळू शकतं. ताई, उशीर करू नका.